"नुसतं ड्रॉपचं नाव सांगा की!"

वाचकांचे प्रश्न : कान, नाक, घसा

पंचगंगेवरचा आमचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली, की आठवड्याभरात माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग लागतो. या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रं कानाचीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. सुरुवात एका रागावलेल्या पत्रानं करते.

*

मॅडम, तुमचं सदर मी पहिल्यापासून वाचतो. पण प्रत्येक उत्तराचा शेवट 'दाखवून घ्या' असाच. दाखवायचंच असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं? कान दुखतो म्हटल्यावर नुसतं ड्रॉपचं नाव सांगा की! आमच्या गल्लीतला मेडिकलवाला दोन मिनिटांत देतो.
— सेवानिवृत्त लिपिक, शिवाजी पेठ

तुमचा राग मला कळतो. फी, रिक्षा, पावसात गेलेला अर्धा दिवस, सगळं धरलं तर मेडिकलवाला स्वस्तच पडतो. म्हणून गेल्या महिन्यातली एक सकाळ सांगते.

बाहेर धो धो पाऊस. पहिली आली बारावीतली एक मुलगी. "मॅडम, उजवा कान ठणकतोय." तिच्यामागून एक आजी. "बाई, उजवा कान लई ठणकतोय बगा." शेवटी निपाणीकडचा एक टेम्पोचालक, तंबाखूची गोळी गालात तशीच. त्याचंही तेच वाक्य. तिघांनीही आधी मेडिकलमधून ड्रॉप घेतला होता. बाटल्या तीन कंपन्यांच्या, पण आतलं औषध एकच : अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र.

मुलीच्या कानात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा लगदा होता आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी. बुरशीवर तो ड्रॉप म्हणजे उसाला युरिया. आजींच्या कानात मळाचं बूच बसलं होतं, आंघोळीचं पाणी जाऊन ते फुगलं होतं. काढल्यावर त्या वर बघून म्हणाल्या, "अगं बाई, पंखा केवढा वाजतोय तुजा!" टेम्पोचालकाचा कान मात्र स्वच्छ. पडदा मोत्यासारखा चकाकत होता. मी त्याला तंबाखू थुंकून चूळ भरायला लावली, जीभ बाहेर धरली आणि मागे बोट फिरवलं. जिभेच्या मुळाशी उजव्या बाजूला कडक गाठ लागली. जिभेच्या मागच्या भागाची आणि घशाची संवेदना ज्या नसा मेंदूकडे नेतात, त्यांच्याच फांद्या कानात येतात. त्यामुळे दुखणं घशात असतं आणि माणूस कान धरून बसतो. दोन महिने तो गडी चांगल्या कानात ड्रॉप घालत होता. बायोप्सी झाली, उपचार सुरू झाले आहेत.

आता या तिघांनी मला पत्र लिहिलं असतं, तर मी कुठल्या ड्रॉपचं नाव लिहायला हवं होतं?

आणि न बघता औषध देण्याची चूक फक्त मेडिकलवाला करतो असं नाही. मी केली आहे. प्रॅक्टिस नवीन होती, बाहेर गर्दी होती. चार वर्षांचा एक मुलगा, डाव्या नाकपुडीतून घाण वाहते म्हणून आणला. तो आरडाओरडा करत होता, मी वरवर बघून अँटिबायोटिक लिहिलं. बरं वाटलं, पुन्हा वाहायला लागलं. पुन्हा लिहिलं. तिसऱ्या वेळी तो खोलीत आला तोच वास घेऊन. मग त्याला चादरीत गुंडाळून, नर्सच्या मांडीवर बसवून नीट बघितलं, तर गादीतल्या स्पंजचा तुकडा निघाला. त्याची आजी शांतपणे म्हणाली, "मग आदी का न्हाई बगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीचं पाणी येत असेल, तर आत काहीतरी अडकलं आहे असंच धरायचं, हे पुस्तकात मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. अडकलेली वस्तू घड्याळाची किंवा खेळण्यातली बटण-बॅटरी असेल तर तासाभराचाही वेळ दवडायचा नाही. ती आतली त्वचा जाळते, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं.

तेव्हा साहेब, 'दाखवून घ्या' मी पुढेही लिहिणार. पण आज दाखवल्यावर डॉक्टर नेमकं काय बघतो तेही सांगते. आणि शेवटच्या प्रश्नात तुमच्यासाठी एका ड्रॉपचं नाव ठेवलं आहे.

*

माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला सर्दी झाली की दोन-तीन दिवसांनी हमखास रात्री कान दुखतो. दोन वाजता उठून रडते. सासूबाई लसणाचं तेल कोमट करून घालतात आणि सकाळी ती खेळायला लागते. मग तेल घालणं बरोबर की चूक? आणि दर वेळी अँटिबायोटिक द्यावंच लागतं का?
— एक आई, कागल

सासूबाईंना दुखवायचं नाही, पण सकाळी ती तेल न घालताही खेळली असती.

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते, मुलांमध्ये आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीत नळीचं तोंड सुजतं, पडद्यामागे पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात. झोपल्यावर दाब वाढतो म्हणून दोन वाजता रडणं. सकाळी उठून बसली की दाब उतरतो. तुम्ही घातलेलं तेल पडद्याच्या बाहेर राहतं आणि दुखणं आहे पडद्याच्या आत, म्हणजे बंद दाराबाहेर पाणी ओतून आतला निखारा विझवण्यासारखं. ड्रॉपचंही तेच. शिवाय 'कोमट' म्हणजे किती, हे प्रत्येक घरात वेगळं असतं. कानाची नळी भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

रात्री दोनला तुमच्या हातात खरं औषध आहे ते पॅरासिटामॉल. तेही चमच्याच्या अंदाजानं नको, वजनावर द्या : दर किलोला १५ मिलिग्रॅम. मुलगी १२ किलोची असेल तर १८० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये किती ते वाचा, कारण १२० वालं सिरप वेगळं आणि २५० वालं वेगळं. पहिल्याचे साडेसात मिलिलिटर होतील, दुसऱ्याचे साडेतीनच्या थोडं वर. दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. उशाशी जाडसर उशी, डोकं जरा उंच.

सकाळी डॉक्टर कानाचा पडदा बघतो. मुलांचा कान बघताना आम्ही तो खाली आणि मागे ओढतो, मोठ्यांचा वर आणि मागे, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. पडदा नुसता लालसर असेल तर फारसं काही नाही, कारण रडून रडूनही पडदा लाल होतो. तो बाहेर फुगला असेल, आतला पू पिवळा दिसत असेल, तर संसर्ग खरा. तरीसुद्धा दोन वर्षांवरच्या, ताप कमी असलेल्या आणि एकच कान दुखणाऱ्या मुलात दोन-तीन दिवस फक्त वेदनाशामक देऊन थांबता येतं. बहुतेक मुलं तेवढ्यात सावरतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, दोन वर्षांच्या आतल्याचे दोन्ही कान, १०२ च्या वरचा ताप किंवा कान वाहायला लागणं, इथे मी थांबत नाही. अमॉक्सिसिलिन देते आणि पूर्ण दिवस द्यायला सांगते.

कधी कधी रात्रभर रडून मूल अचानक शांत झोपतं आणि सकाळी उशीवर पिवळा डाग असतो. पडदा फाटून पू बाहेर आला, दाब गेला. घरात 'कान फुटला' म्हणून घबराट होते, पण असं छोटं छिद्र बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरतं. कान कोरडा ठेवायचा आणि दाखवायचा. दोन आठवड्यांनंतरही वाहत राहिला तर मात्र तो वेगळा आजार होतो. त्यातही पाणी थोडंसंच, पण वास घाणेरडा असेल तर आत हाड खाणारी पिशवी वाढत असण्याची शक्यता असते, तिला ऑपरेशनच लागतं. आणि कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला तर सकाळची वाट बघू नका.

तुमची मुलगी तोंड उघडं टाकून झोपते का, घोरते का, टीव्हीचा आवाज वाढवते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तसं असेल तर नाकामागची गाठ, अ‍ॅडेनॉइड, वाढलेली असू शकते. तेवढं तपासून घ्या. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांना अंगणात पाठवा.

*

मी गगनबावड्याचा, शिकायला कोल्हापुरात असतो. पाऊस सुरू झाला की कानात भयंकर खाज. किल्ली, काडी, बड्स, सगळं घालून झालं. तीन आठवडे ड्रॉप टाकतोय, तर आता दडाच बसला.
— बी. कॉम.चा विद्यार्थी

ती किल्ली आधी खिशात ठेव.

तुला बहुतेक बुरशीच झाली आहे. तुमच्या गावी पावसाळ्यात भिंतींवर, चपलांवर, पुस्तकांवर बुरशी चढते ना? तशीच ती ओलसर, उबदार, अंधाऱ्या नळीत चढते. निरोगी कानात ती सहसा चढत नाही, कारण तिथला मळ किंचित आम्लधर्मी असतो आणि तो नळीच्या कातडीला मेणासारखा लेप देतो. तू बड्सनं तो लेप खरवडून काढलास. बड्सला लागून थोडा मळ येतो, पण त्याच्या दुप्पट आत ढकलला जातो. कानाची कातडी आतून बाहेर सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर आणून टाकते, त्या बिचारीला काम करू दे.

उपचाराचा अर्धा भाग औषध नाही, सफाई आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सक्शननं तो लगदा पूर्ण काढावा लागतो, नाहीतर वरून घातलेलं औषध लगद्यावरच बसतं. त्यानंतर क्लोट्रिमॅझोलचे थेंब दोन ते तीन आठवडे. खाज चार दिवसांत थांबते आणि तुम्ही पोरं तिथेच बाटली फेकता, मग ऑगस्टमध्ये पुन्हा येता. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात ठेव. भिजून आल्यावर हेडफोन लगेच कोंबू नको. पंचगंगेत उडी मारणं या हंगामात तसंही शहाणपणाचं नाही, त्याची कारणं बुरशीपेक्षा मोठी आहेत.

*

मी तालमीत लढतो. सरावात कान चुरगाळला, वरचा भाग पाण्यानं भरल्यासारखा फुगलाय. वस्ताद म्हणतात, कान मोडल्याशिवाय पैलवान होत नाही. मित्र म्हणतो सुईनं काढून टाकू. काय करू?
— वय १९, कोल्हापूर

वस्तादांचा मान राखून सांगते, मोडलेल्या कानानं आजवर एकही कुस्ती निकाली झालेली नाही.

खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात राहून हा कान मला रोज दिसतो. कानाच्या कुर्चेला, म्हणजे आतल्या मऊ हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर जे पातळ आवरण असतं त्यातून तिला अन्न मिळतं. कान रगडला गेला की कुर्चा आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं, कुर्चा उपाशी मरते आणि तिच्या जागी वेडंवाकडं कठीण ऊतक तयार होतं. तोच तो कोबीसारखा कान. पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्त काढून, दोन्ही बाजूंनी दाब देणारी पट्टी टाक्यांनी बसवली तर कान मूळ आकारात राहतो. आठवडा-दहा दिवस गेले की आत घट्ट होतं. पत्र छापून येईपर्यंत तुझा आठवडा संपलेला असणार, म्हणून हे पुढच्या कानासाठी आणि तुझ्या तालमीतल्या बाकीच्यांसाठी लिहिते आहे.

मित्राच्या सुईची मला खरी भीती वाटते. तिथून जंतू कुर्चेत गेले की सगळा कान लालबुंद, गरम, हात लावू देत नाही असा होतो. त्याची एक खूण लक्षात ठेव : कानाची पाळी. पाळीत कुर्चा नसते. वरचा कान सुजून लाल आणि पाळी मात्र नेहमीसारखी असेल, तर संसर्ग कुर्चेत आहे. पाळीही लाल असेल तर तो बहुतेक वरच्या कातडीतला. कुर्चेतल्या संसर्गाचे जंतू साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत, त्यामुळे त्याच दिवशी दाखव.

गुजरीत सराफाकडे जाऊन बुगडीसाठी कानाचा वरचा भाग टोचून घेणाऱ्या मुलींनाही हेच लागू. पाळी टोचणं आणि कुर्चा टोचणं यात मोठा फरक आहे. आणि पैलवान, सरावाला कानाचं कवच मिळतं. तालमीत हसतील. हसू देत.

*

मला सायनस आहे. महिन्या-दोन महिन्यांनी डोकं जड, नाकातून पिवळं-हिरवं येतं. मी तीन गोळ्यांचा अ‍ॅझिथ्रोमायसिनचा कोर्स घेते, बरं वाटतं. नाक चोंदू नये म्हणून रोज रात्री ड्रॉप. हल्ली ड्रॉपशिवाय झोपच येत नाही. जलनेती करू का?
— बँक कर्मचारी, राजारामपुरी

सायनस सगळ्यांनाच असतात, जसे गुडघे असतात. गालात, कपाळात, डोळ्यांच्या मध्ये असलेल्या त्या हवेच्या पोकळ्या. तुम्हाला काय होतंय ते त्यापुढचं आहे, आणि तुमच्या पत्रात मला एक सोडून तीन गोष्टी दिसतात.

पहिली रंगाची. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले, हा समज इतका पक्का आहे की डॉक्टरांच्या घरातही सापडतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग येतो. तो आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. मी दिवस मोजते. दहा दिवस उलटून जराही उतार नाही, किंवा पाच-सहा दिवसांत बरं वाटून पुन्हा ताप आणि दुखणं उलटलं, किंवा सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस १०२ च्या वर ताप, गाल ठणकतोय आणि पू येतोय, तर जिवाणूंचा संशय. यातलं काही नसेल तर तुमच्या तीन गोळ्या आणि बरं वाटणं हा योगायोग आहे. सर्दी उतरायची वेळ आणि गोळ्या संपायची वेळ एकच येते. दरम्यान त्या गोळ्यांनी तुमच्या घशातल्या जंतूंना मात्र चांगली तालीम दिली.

दुसरी तुमचा ड्रॉप. नाव लिहिलेलं नाही, पण झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असणार. तो सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतो, म्हणून दोन मिनिटांत नाक उघडतं. पाच दिवसांपलीकडे वापरला की वाहिन्यांना सवय लागते, औषध उतरलं की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. म्हणजे आता तुमचं नाक चोंदतंय ते बऱ्याच अंशी ड्रॉपमुळे. तो सोडवताना आठवडाभर त्रास होईल. मी बहुतेकदा स्टेरॉइडचा नाकातला फवारा सुरू करून एक-एक नाकपुडी सोडवते. 'स्टेरॉइड' शब्दाला दचकू नका, फवाऱ्यातली मात्रा फार थोडी असते आणि ती बव्हंशी नाकातच राहते.

तिसरी डोकेदुखी. नाक मोकळं असतानाही डोकं जड होत असेल, उजेड नकोसा वाटत असेल, मळमळत असेल, तर ती अर्धशिशी असण्याची शक्यता मोठी. 'सायनसचं डोकं' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना अर्धशिशी निघते. अँटिबायोटिकनं अर्धशिशी बरी होत नाही, पण एका दिवसात तीही आपणहून उतरते आणि श्रेय गोळी घेते.

सतत एकाच बाजूनं वाहत असेल आणि तोंडात कुजका वास येत असेल तर आधी वरची दाढ दाखवा. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात. एका पेशंटची वर्षभराची 'सायनसची' तक्रार दंतवैद्यानं एका दाढेत संपवली.

जलनेती जरूर करा, पण नळाचं किंवा बोअरचं पाणी थेट नको. फार क्वचित, पण अशा पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि मग माणूस वाचणं मुश्कील. पाणी खळखळ उकळा, झाकून कोमट होऊ द्या, पाव लिटरला सपाट अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित कमी मीठ. वाफारा घ्यायचा तर घ्या, आराम वाटतो. मात्र लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका. पातेलं लवंडून भाजलेली मुलं आम्ही कोविडच्या दिवसांत बरीच पाहिली.

*

वडील ७१ वर्षांचे, २० वर्षांपासून मधुमेह. घरी पिचकारीनं कान धुतला, तेव्हापासून कान दुखतोय. बाहेरून काहीच दिसत नाही, पण रात्रभर तळमळतात.
— एक मुलगा, गडहिंग्लज

हे पत्र वाचून मी संपादकांकडून तुमचा नंबर घेतला आणि फोन केला, ते तुम्हाला माहीत आहे. इतरांसाठी लिहिते.

मधुमेही वयस्क माणसाचा कान, दिसतंय थोडं आणि दुखतंय भयंकर, विशेषतः रात्री, असं असेल तर कानाच्या नळीतला संसर्ग कवटीच्या हाडात उतरल्याची शंका घ्यायची. हा कर्करोग नाही, पण त्याच्याइतकाच चिवट. चेहरा एका बाजूला वाकडा झाला तर तो चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचला. उपचार आठवड्यांत मोजायचे, सहा किंवा अधिक, आणि साखर आटोक्यात आणल्याशिवाय कुठलंही अँटिबायोटिक पुरं पडत नाही. मधुमेही माणसाचा कान घरी पाण्यानं धुवायचा नाही.

*

नऊ वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल वारंवार सुजतात. एक डॉक्टर काढा म्हणतात, एक नको म्हणतात. आईसक्रीम बंद केलंय, दही बंद, थंड पाणी बंद. तरी होतंच.
— यंत्रमागधारक, इचलकरंजी

पोराचं आईसक्रीम परत सुरू करा. ऑपरेशननंतर आम्हीच ते खायला सांगतो.

टॉन्सिल काढायचे की नाही, यासाठी आम्ही मोजणी वापरतो : एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी ३ वेळा. पण यात 'वेळ' कुठली मोजायची ते महत्त्वाचं. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय आणि घसाही दुखतोय, तर ती विषाणूची सर्दी, ती मोजणीत धरायची नाही. चांगला ताप, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, ही खरी टॉन्सिलची वेळ. घरात कॅलेंडरवर फुली मारा आणि बाजूला ताप लिहा. दोन डॉक्टरांची दोन मतं पडली, कारण बहुधा दोघांपुढे आकडाच नव्हता. मूल झोपेत घोरता घोरता श्वास अडकून दचकत असेल तर मोजणी न करताही ऑपरेशनचा विचार होतो.

खऱ्या वेळी पेनिसिलिन गटातलं औषध दहा दिवस पूर्ण द्या. ताप दुसऱ्या दिवशी उतरतो म्हणून बाटली फ्रिजमध्ये राहते, ते चालणार नाही. या घशातल्या जंतूनंतर काही मुलांना सांध्यांचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. ते टाळण्यासाठी ते दहा दिवस असतात, घशासाठी कमीच.

तोंड उघडता येत नाही, लाळ गिळता येत नाही, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलतोय आणि एकाच बाजूला सूज असेल तर टॉन्सिलमागे पू झाला आहे. तो काढावा लागतो, त्याच रात्री. करडा, चिकट, पुसायला गेलं तर रक्त येणारा पापुद्रा दिसला तर घटसर्प. तो संपलेला नाही. मुलाची पाच वर्षांची लस झाली का बघा आणि पुढच्या वर्षी, दहाव्या वर्षाची टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, विसरू नका.

*

मिरवणुकीत पथकात घोषणा दिल्या, तेव्हापासून आवाज बसलाय. मी शिक्षिका आहे. मध, ज्येष्ठमध, खडीसाखर सगळं झालं. दोन महिने होत आले.
— पन्हाळा

मध घ्या, त्यानं काही बिघडत नाही. पण तीन आठवड्यांवर बसलेला आवाज बघितल्याशिवाय सोडायचा नाही, हा आमच्या शाखेतला नियम. तुमच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या असतील, शिक्षिकांना येतात. त्या बहुतेकदा आवाजाच्या व्यायामानं जातात. तोवर कुजबुजणंही बंद, त्यानं ताण वाढतो. हळू आवाजात पण नीट बोला.

स्वरतंतू जिवंत माणसात हलताना आरशातून बघून त्याचं नीट वर्णन करणारा माणूस डॉक्टर नव्हता. मान्युएल गार्सिया हा गाणं शिकवणारा. त्यानं १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून सूर्यप्रकाशात स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. आज मी दुर्बिणीनं दोन मिनिटांत बघते, तुम्हाला 'ईऽऽ' म्हणायला लावते आणि स्क्रीन तुमच्याकडे वळवते.

*

रात्री झोपेत कानात किडा गेला तर दवाखाना उघडेपर्यंत काय करायचं?
— शेतकरी, करवीर तालुका

टॉर्च मारून बाहेर यायची वाट बघू नका, चिमटा घालू नका. तो आत फडफडतो तेव्हा डोक्यात ट्रॅक्टर चालल्यासारखं वाटतं, माणूस घाबरून काहीही घालतो आणि पडदा फोडून घेतो.

शिवाजी पेठेतल्या वाचकांनी आता लिहून घ्यावं. ड्रॉपचं नाव : खोबरेल तेल. किड्याचा कान वर करून कुशीवर झोपा, कान वर-मागे ओढा आणि तेलाचे थेंब कान भरेपर्यंत सोडा. तेल थिजलं असेल तर बाटली मुठीत धरून पातळ करा, चुलीवर नको. किडा दोन-चार मिनिटांत गुदमरतो. पाणी नको, त्यात तो बराच वेळ तग धरतो. ज्यांचा कान वाहतो किंवा पडद्याला छिद्र आहे त्यांनी तेलही घालायचं नाही. आणि हरभरा, शेंगदाणा, मक्याचा दाणा अडकला असेल तर कुठलाच द्रव नको, पाण्यानं दाणा फुगतो आणि कानात घट्ट बसतो.

मेलेला किडा सकाळी काढावा लागतो, त्याच्या पायांना काटे असतात. त्यासाठी दाखवून घ्या.